पाइपमागे दडलेलं अपयश: गिटमधल्या पहिल्या पॅचच्या नोंदी

१३ जानेवारी २०२४, शनिवार

ओपन सोर्समध्ये पहिला पॅच, म्हणजे कोडमधला छोटा बदल, पाठवायचा होता. प्रकल्प ठरला: गिट, कोडच्या बदलांचा इतिहास सांभाळणारं साधन. रोज सकाळी ऑफिसात पहिली कमांड त्याचीच चालवतो, त्यामुळे ते कसं वागायला हवं याचा अंदाज तरी आहे. शिवाय पोटापाण्याचं काम टेस्टिंगचं, आणि गिटची टेस्टची बाजू भक्कम आहे. टेस्टच्या सुमारे हजार स्क्रिप्ट, बहुतेक सगळ्या साध्या शेलमध्ये, म्हणजे कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या भाषेत, लिहिलेल्या.

गिट आणि गिटहब एकच असं आमच्या टीममध्येही निम्म्या लोकांना वाटतं, म्हणून आधी तेवढं लिहून ठेवतो. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५च्या एप्रिलमध्ये गिट लिहायला घेतलं, कारण लिनक्स कर्नलसाठी (लिनक्सच्या गाभ्यासाठी) वापरात असलेल्या बिटकीपर या तशाच साधनाची मोफत सोय बंद झाली होती. त्याच वर्षी जुलैत त्यांनी ते ज्युनिओ हमानो यांच्या हाती सोपवलं आणि तेव्हापासून आजपर्यंत मेंटेनर, म्हणजे कोणते बदल घ्यायचे हे ठरवणारे, तेच आहेत. गिटहब ही गिट वापरून कोड ठेवण्याची वेबसाइट, तिथे दिसते ती गिटची प्रत. खरी चर्चा, खरा रिव्ह्यू आणि खरे पॅच मेलवरून ये-जा करतात.

प्रकल्प निवडताना किती लोकांनी स्टार दिलाय हे पाहिलंच नाही. मागच्या काही महिन्यांत नवख्या माणसांनी पाठवलेले पॅच शोधले आणि त्यांना कोणी उत्तरं दिली, किती सविस्तर दिली, ते वाचलं. ज्या प्रकल्पात नवख्याचा पॅच सहा महिने तसाच पडून असतो तिथे आपलाही पडून राहणार, हे सरळ आहे.

रीडमी या माहितीच्या फाइलमध्ये एखादा शब्द बदलून ‘मी ओपन सोर्समध्ये काम केलं’ म्हणायचं नाही, हे मात्र आधीच पक्कं होतं. २०२०च्या ऑक्टोबरमध्ये हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्स मोहिमेच्या टी-शर्टपायी असल्या निरर्थक बदलांचा एवढा पूर आला की आयोजकांना पहिल्या काही दिवसांतच नियम बदलावा लागला: ज्या प्रकल्पाने स्वतःहून होकार दिलाय तिथलेच बदल मोजायचे. त्या पुरात आपल्याकडची मुलं भरपूर होती. मेंटेनरचा वेळ फुकट असतो असं ज्याला वाटतं त्याने निदान एकदा मेंटेनरचा इनबॉक्स डोळ्यांसमोर आणावा.

गुगल समर ऑफ कोड आणि आउटरीची या उपक्रमांत येणाऱ्या नवोदितांसाठी गिटवाले छोट्या कामांची यादी ठेवतात. मी विद्यार्थी नाही, पण यादी सगळ्यांना खुली आहे. त्यातलं एक काम उचललं: टेस्टमध्ये जिथे गिटचं आउटपुट पाइपमधून (‘|’ या चिन्हाने) दुसऱ्या कमांडकडे ढकललंय तिथला पाइप काढायचा.

१५ जानेवारी, सोमवार

संक्रांतीची सुट्टी. तिळगूळ खात खात गिट बिल्ड केलं, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवला. झेडलिब, कर्ल, एक्सपॅट यांची डेव्हलपमेंट पॅकेजं उबुंटूवर घातली आणि ‘मेक’ला ‘डेव्हलपर=१’ दिलं, म्हणजे कंपायलर बारीकसारीक इशारेसुद्धा चूक म्हणून धरतो. लॅपटॉप जुना असूनही काही मिनिटांत झालं. इथे लिहिण्यासारखं फार नाही.

दुपारी ‘माझं पहिलं योगदान’ या अर्थाचा गिटच्याच डॉक्युमेंटेशनमधला धडा वाचला. ‘पुश’ची अक्षरं मुद्दाम उलटसुलट करून ‘पीएसयूएच’ नावाची खोटी कमांड बनवायला लावतात आणि ती बनवता बनवता कोडची रचना, टेस्ट, मेल पाठवणं असं सगळं घडवून घेतात. ज्याला सी भाषा येते त्याने हा धडा हाताने टाइप करून करावा. नुसता वाचून फारसं हाती लागत नाही.

२० जानेवारी, शनिवार

आज मूळ प्रश्नाला हात घातला. मेकॅनिकल काम समजून तो उरकला असता तर पुढे कोणाच्याही प्रश्नाला उत्तर देता आलं नसतं.

शेलमध्ये ‘गिट एलएस-फाइल्स | ग्रेप अमुक’ असं लिहिलं की गिट फाइल्सची यादी देतं आणि ग्रेप त्यात हवी ती ओळ शोधतो. या जोडीचा एक्झिट कोड (यश की अपयश हे सांगणारा आकडा, शून्य म्हणजे यश) शेवटच्या कमांडचा धरला जातो, म्हणजे ग्रेपचा. गिटने काय परत दिलं याकडे शेल बघतही नाही. आता समजा, गिटने हवी ती ओळ छापली आणि पुढच्या क्षणी मेमरीत भलतीकडे हात घालून ते कोसळलं. ग्रेपला ओळ मिळालेली आहे, तो खूश. टेस्ट हिरवी, म्हणजे पास. जी टेस्ट गिटवर पहारा द्यायला लिहिली, तिच्यासमोरून गिट पडलं आणि पहारेकऱ्याने ‘सब ठीक’ असा शेरा मारला.

टेस्टच्या डिरेक्टरीतल्या रीडमीमध्ये हे स्पष्ट लिहिलंय: गिटला पाइपमध्ये शेवटची जागा सोडून कुठेही ठेवू नका, एक्झिट कोड हरवतो आणि क्रॅश झाकला जातो. उपायही दिलाय. आउटपुट आधी फाइलमध्ये घ्या, मग ‘&&’ लावून ती फाइल तपासा. म्हणजे ‘गिट एलएस-फाइल्स >ॲक्च्युअल && ग्रेप अमुक ॲक्च्युअल’. गिट पडलं तर साखळी तिथेच तुटते आणि टेस्ट लाल होते.

साहजिक शंका: मग शेलला ‘पाइपफेल’ का सांगत नाहीत? बॅश नावाच्या शेलमध्ये ती सोय आहे, एक ओळ घातली की पाइपमधल्या कोणाचंही अपयश पकडलं जातं. अडचण अशी की गिटच्या टेस्ट बॅशवर अवलंबून नाहीत. डेबियन आणि उबुंटूवर ‘एसएच’ म्हणजे डॅश नावाचा साधा शेल, आणि माझ्या मशीनवरच्या डॅशला पाइपफेल कळत नाही. गिट तर मॅक, बीएसडी, विंडोज अशा सगळीकडे चालायला हवं. शिवाय पाइपफेल लावलं तरी नवी डोकेदुखी असते: ‘ग्रेप -क्यू’ पहिली जुळणारी ओळ सापडताच निघून जातो, मागे लिहीत बसलेल्या गिटला सिगपाइप (‘वाचणारा गेला’ असा सिग्नल) मिळतो आणि काहीही बिघडलेलं नसताना टेस्ट पडते. तीही रोज नाही, अधूनमधून. अशा टेस्टचा माग काढण्यात माझ्या नोकरीतली कित्येक वर्षं गेली आहेत, त्यामुळे हे वाचताना मान आपोआप डोलली.

याच वर्गातला दुसरा नियम: गिटने नकार द्यायला हवा अशा ठिकाणी कमांडपुढे नुसतं उद्गारचिन्ह (शेलमध्ये ते निकाल उलटा करतं) लावायचं नाही, ‘टेस्ट-मस्ट-फेल’ वापरायचं. गिट शहाणपणाने ‘हे जमणार नाही’ म्हणून थांबतं तेव्हा एक्झिट कोड बहुधा १२८ असतो. सेगफॉल्ट होऊन, म्हणजे मेमरीच्या चुकीने कोसळून, मेलं तर १३९. उद्गारचिन्हाला दोन्ही सारखेच, टेस्ट-मस्ट-फेलला नाहीत. उलट ग्रेपसारख्या बाहेरच्या कमांडपुढे मात्र उद्गारचिन्हच लावायचं, कारण ग्रेपची परीक्षा घेणं हे गिटचं काम नाही.

२१ जानेवारी, रविवार

फाइल निवडली. टेस्टच्या नावांत पहिला आकडा घराणं सांगतो: शून्याच्या घरात पायाभूत गोष्टी, चारच्या घरात डिफ (दोन आवृत्त्यांतला फरक), पाचच्या घरात पुल आणि निर्यात, सातच्या घरात वर्किंग ट्रीला (डिस्कवरच्या प्रत्यक्ष फाइल्सना) हात लावणाऱ्या रोजच्या कमांड. माझी फाइल सातच्या घरातली, जुनी आणि आटोपशीर.

हात लावण्याआधी दोन गोष्टी तपासल्या. एक, यावर आणखी कोणी काम करतंय का? मेलच्या जुन्या साठ्यात फाइलचं नाव टाकून शोधलं. कोणी नव्हतं. उपक्रमांच्या अर्जांच्या दिवसांत एकाच फाइलवर दोघं-तिघं तुटून पडतात, म्हणून हे बघणं भाग आहे. दोन, हे पाइप मुळात आले कुठून? ‘गिट ब्लेम’ने (कोणती ओळ कोणत्या बदलात आली ते दाखवणारी कमांड) ओळी शोधल्या, त्या कमिटचे, म्हणजे नोंदवलेल्या बदलांचे, मेसेज वाचले. बहुतेक पाइप अशा काळातले की तेव्हा हा नियमच नव्हता. मुद्दाम ठेवलेला एकही नाही. हे नसतं पाहिलं तर ‘अमक्याने २००८ साली हे विचारपूर्वक केलंय’ असं उत्तर येण्याची शक्यता होती.

एक वाक्य मात्र मनात खटकत राहिलं. कोडिंगच्या नियमावलीत म्हटलंय की खऱ्या कामाची पूर्वतयारी म्हणून शैली सुधारलीत तर चांगलं, पण केवळ शैलीसाठी कोड ढवळू नका. मग माझा पॅच कोणत्या खान्यात बसतो? विचार केल्यावर वाटलं, याचं उत्तर कोडमध्ये नाहीच. तोच बदल ‘स्टाइल सुधारली’ म्हणून पाठवला तर ढवळाढवळ, आणि ‘टेस्ट क्रॅश झाकत होती, आता झाकणार नाही’ म्हणून पुराव्यासह पाठवला तर दुरुस्ती. तेव्हा पुरावा तयार करायला हवा.

२६ जानेवारी, शुक्रवार

सकाळी सोसायटीतलं झेंडावंदन, मग दिवसभर हेच.

पुरावा असा तयार केला. एलएस-फाइल्सच्या सी फाइलमध्ये फंक्शनच्या शेवटी शून्य परत देणारी ओळ आहे, तिथे एक केलं. म्हणजे आउटपुट अगदी बरोबर, पण कमांड ‘मी अयशस्वी’ सांगून बाहेर पडणार. आधी शेवटी सरळ ‘अबॉर्ट’ (प्रोग्राम तिथेच मारणारं फंक्शन) टाकायचा विचार होता. पण अबॉर्ट झालं तर स्टँडर्ड आउटपुटच्या बफरमध्ये साठलेलं तसंच राहतं, पाइपमध्ये काही पोचत नाही, मग ग्रेपच नापास होतो आणि मुद्दा सिद्ध होत नाही. एक परत देणं सुटसुटीत.

पुन्हा बिल्ड करून जुनी टेस्ट-फाइल चालवली. पाइपवाल्या टेस्ट एकामागून एक ‘ओके’. गिटची एक कमांड दर वेळी अपयश कळवतेय आणि ऐकायला कोणी नाही. मग बदललेली फाइल चालवली: त्याच टेस्ट ‘नॉट ओके’. शेवटी सी फाइल पूर्ववत केली, सगळं परत हिरवं. या तीन फेऱ्यांपुढे युक्तिवादाची गरज उरत नाही.

खुद्द बदलाबद्दल. बहुतेक ठिकाणी दोन ओळींत काम झालं. एका जागी मात्र गंमत झाली. ती टेस्ट ट्रॅक न झालेल्या, म्हणजे गिटमध्ये न नोंदवलेल्या, फाइल्सची यादी मागते, आणि मी आउटपुट ठेवायला बनवलेली ‘ॲक्च्युअल’ ही फाइलसुद्धा वर्किंग ट्रीतच, ट्रॅक न झालेली! शेल आधी फाइल उघडतं, मग कमांड चालवतं, त्यामुळे ती यादीत हजर. पाइपला हा त्रास नव्हता, कारण पाइप डिस्कवर काही ठेवत नाही. सुदैवाने ती टेस्ट आतल्या एका छोट्या रेपोत (गिटच्या कोड-साठ्यात) चालते, म्हणून आउटपुट एक पायरी वर लिहिलं. इतर फाइल्समध्ये काय करतात तेही पाहिलं. काही ठिकाणी ‘गिटइग्नोर’मध्ये (गिटने दुर्लक्ष करायच्या फाइल्सच्या यादीत) या तात्पुरत्या फाइल्सची नावं घालून ठेवलेली दिसली.

टेस्ट चालवताना ‘-आय’ दिलं की पहिल्या अपयशाला थांबते आणि ‘ट्रॅश डिरेक्टरी’ तशीच ठेवते, आत जाऊन पंचनामा करता येतो. ‘-एक्स’ दिलं की प्रत्येक कमांड चालताना दिसते. एवढे दोन पर्याय माहीत असले की या फ्रेमवर्कची भीती जाते. ‘&&’ची साखळी कुठे तुटली असेल तर तेही आपोआप पकडतात, त्यासाठी वेगळा तपासनीस लिहिलाय. रात्री सगळ्या टेस्ट लावून झोपलो.

२८ जानेवारी, रविवार

कमिट मेसेज. कोडपेक्षा याला जास्त वेळ गेला, आणि तसाच जायला हवा असं आता ठाम मत झालंय.

पहिल्या ओळीत आधी टेस्टचा क्रमांक, मग अपूर्णविराम, मग थोडक्यात काम. शेवटी पूर्णविराम नाही. मजकुरात आधी सध्याची परिस्थिती वर्तमानकाळात: काय घडतं आणि त्यात वाईट काय. मग बदल, तोही कोडला हुकूम सोडल्यासारखा. ‘मी अमुक केलं’ किंवा ‘हा पॅच तमुक करतो’ नाही, ‘अमुक कर’. ही पद्धत आधी उगाच ताठर वाटली होती. पण ‘गिट लॉग’मध्ये ओळीने शेकडो मेसेज वाचले की त्यातला आराम कळतो. दहा वर्षांनी ब्लेममधून इथे येणाऱ्या माणसाला मी कोण आणि मला काय वाटलं याच्याशी देणंघेणं नसतं. त्याला कारण हवं असतं.

तळाशी ‘साइन्ड-ऑफ-बाय’. ‘कमिट’ला ‘-एस’ दिलं की ओळ आपोआप येते, पण तिचा अर्थ वाचल्याशिवाय घालू नये. ही सही म्हणजे डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन मान्य केल्याची खूण: हा कोड माझा आहे किंवा या परवान्याखाली पुढे द्यायचा मला हक्क आहे, आणि ही नोंद कायम सार्वजनिक राहणार हे मला कळतं. ही प्रथा लिनक्स कर्नलमध्ये २००४ साली आली. त्याआधीच्या वर्षी एससीओ या कंपनीने आयबीएमवर दावा लावून लिनक्समध्ये आपला कोड घुसवल्याचा आरोप केला होता. कोणती ओळ कोणाकडून आली हे दाखवता यायला हवं, ही गरज त्यातून ठळक झाली. गिट वेगळा करारनामा मागत नाही, ही सही पुरते.

नोकरी करणाऱ्यांनी इथे थांबून आपलं नेमणूकपत्र काढून वाचावं. ‘नोकरीच्या काळात लिहिलेलं सगळं कंपनीचं’ असं कलम आपल्याकडे सर्रास असतं. मी मॅनेजरकडून मेलवर लेखी परवानगी घेतली: स्वतःचा लॅपटॉप, स्वतःचा वेळ, जीपीएल आवृत्ती दोन या ओपन सोर्स परवान्याखालचा प्रकल्प. त्यांना यात एवढं विचारण्यासारखं काय आहे तेच कळेना. पण सही माझी आहे.

३ फेब्रुवारी, शनिवार

पाठवलं.

दोन वाटा होत्या. पहिली गिटगिटगॅजेट या बॉटची: गिटहबवर नेहमीसारखी पुल रिक्वेस्ट (बदल घेण्याची विनंती) उघडायची, आधीपासून असलेल्या कोणीतरी ‘/अलाऊ’ लिहून आत घेतलं की आपण ‘/सबमिट’ लिहायचं, मग तो बॉट तिचे रीतसर मेल करून पाठवतो. मेल सेटअपचं ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी उत्तम. मी दुसरी वाट घेतली, ‘गिट सेंड-ईमेल’ची, कारण उत्तरं शेवटी मेलवरच द्यायची आहेत.

जीमेलमध्ये दुहेरी पडताळणी सुरू करून ॲप पासवर्ड काढला, तो सेंड-ईमेलला दिला. आधी पॅच स्वतःलाच पाठवला, आलेला मेल साठवून नव्या ब्रँचवर (कोडच्या वेगळ्या फांदीवर) ‘गिट एएम’ने लावून पाहिला. जसाच्या तसा लागला. ही रंगीत तालीम प्रत्येकाने करावी. ब्राउझरमधून पॅच चिकटवून पाठवला तर लांब ओळी मोडतात, टॅबच्या जागी स्पेस येतात आणि समोरच्याकडे पॅच लागतच नाही. एचटीएमएल मेल तर सर्व्हर दारातूनच परत पाठवतो.

आणखी एक: हा मेल पत्ता आता कायमचा जगजाहीर. म्हणून कामासाठी वेगळा पत्ता काढलाय.

पॅचमध्ये तीन आडव्या रेघांच्या खाली जे लिहू ते वाचणाऱ्याला दिसतं, पण कमिटमध्ये जात नाही. एलएस-फाइल्सला एक परत द्यायला लावून केलेला प्रयोग तिथे लिहिला, म्हणजे कोणालाही करून बघता येईल.

६ फेब्रुवारी, मंगळवार

उत्तरं आली. तिकडचे बरेच लोक युरोप-अमेरिकेत, त्यामुळे आपल्याकडे रात्री जेवणं झाल्यावर चर्चा रंगते. प्रत्येक मेलमध्ये मूळ मजकुराचा हवा तेवढाच तुकडा ठेवून त्याच्या खाली उत्तर. वर उत्तर आणि खाली भली मोठी शेपूट, ही आपली ऑफिसातली पद्धत इथे चालत नाही.

सूचना मजेदार होत्या, म्हणून नीट लिहून ठेवतो.

एका जागी मी ‘गिट | डब्ल्यूसी -एल’चं (डब्ल्यूसी ओळी मोजतो) रूपांतर फाइल आणि मग डब्ल्यूसी असं केलं होतं. रिव्ह्यूअर म्हणाले, तिथे ‘टेस्ट-लाइन-काउंट’ वापरा. कारण मॅकवरचा डब्ल्यूसी आकड्यापुढे मोकळ्या जागा सोडतो, त्यामुळे आकड्याची तुलना शब्दशः केली तर तिथे फसते. त्याशिवाय टेस्ट-लाइन-काउंट अपयश आल्यावर फाइलमधला मजकूरही छापतो. डब्ल्यूसी नुसता आकडा सांगतो, मग माणूस चाचपडत बसतो.

दुसऱ्यांनी विचारलं: फाइलमध्ये एक पाइप तसाच ठेवलाय, तो का? तो ‘प्रिंटएफ | गिट हॅश-ऑब्जेक्ट’ असा आहे. तिथे गिट शेवटी आहे, त्यामुळे एक्झिट कोड त्याचाच मिळतो आणि काही झाकलं जात नाही. मी तसं उत्तर दिलं. त्यावर त्यांचं म्हणणं: हे मला मेलमध्ये सांगून काय उपयोग, कमिट मेसेजमध्ये लिहा. उद्या तिसरा कोणी हाच प्रश्न विचारील. हे मला फार पटलं. रिव्ह्यूमध्ये विचारलेला प्रश्न म्हणजे मेसेजमध्ये राहिलेली जागा.

तिसरी सूचना, जुन्या पद्धतीने ‘>’नंतर सोडलेल्या मोकळ्या जागा काढायच्या असतील तर तो वेगळा पॅच करा आणि आधी ठेवा. मग मालिका दोन पॅचची होईल: आधी झाडलोट, मग खरा बदल. वाचणाऱ्याला दुसऱ्या पॅचमध्ये फक्त कामाचंच दिसतं.

चौथी मानली नाही. पाइपऐवजी वापरायला एक नवी मदतनीस फंक्शन लिहा असं सुचवलं होतं. मी लिहिलं की एका फाइलमधल्या मोजक्या जागांसाठी नवं नाव लक्षात ठेवायला लावणं महाग पडेल, आणि इतर फाइल्समध्ये फाइलवाली पद्धतच रूढ आहे. ‘ठीक’ असं उत्तर आलं. सगळ्या सूचना मानाव्या लागत नाहीत, उत्तर मात्र प्रत्येकीला द्यावं लागतं. आपल्याकडे मोठ्यांनी सांगितलं की मान हलवायची सवय असते. इथे गप्प राहून मान हलवली तर समोरच्याला वाटतं, या माणसाने विचारच केला नाही.

१० फेब्रुवारी, शनिवार

दुसरी आवृत्ती पाठवली. लगेच त्याच रात्री पाठवायचा मोह होता, पण वेगवेगळ्या देशांतल्या लोकांना वाचायला वेळ मिळायला हवा, म्हणून शनिवारपर्यंत थांबलो. ‘फॉरमॅट-पॅच’ला ‘-व्ही२’ दिलं, मालिकेची ओळख करून देणारं पत्र (कव्हर लेटर) जोडलं, त्यात ‘रेंज-डिफ’ टाकला. रेंज-डिफ म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या आवृत्तीतला फरक, फरकांचा फरक. पहिल्यांदा बघताना डोळे फिरतात, पण ज्याने पहिली आवृत्ती वाचलीय त्याचे कष्ट निम्म्याने वाचतात. ज्यांच्या सूचनेने काम सुधारलं त्यांची नावं ‘हेल्प्ड-बाय’ म्हणून सहीच्या वर घातली.

१९ फेब्रुवारी, सोमवार

शिवजयंतीची सुट्टी, आणि तिकडून शांतता. गिटच्या २.४४ आवृत्तीच्या आरसी (प्रकाशनाआधीच्या चाचणी-आवृत्त्या) निघाल्या आहेत, सगळ्यांचं लक्ष नव्याने शिरलेल्या चुका शोधण्यावर. अशा काळात नवे विषय मागे पडतात. याचा राग धरण्यात अर्थ नाही. पॅच पाठवायच्या आधी प्रकल्पाचं कॅलेंडर बघावं, एवढंच.

रिकामा वेळ दुसऱ्यांचे पॅच वाचण्यात घालवला. आणखी एका नवोदिताने वेगळ्या फाइलमधले पाइप काढलेत, तिथे ‘ॲक्च्युअल’ वर्किंग ट्रीत दिसण्याचाच प्रश्न होता. मी पॅच लावला, टेस्ट चालवली, दिसलं ते लिहिलं. रिव्ह्यू करायला अधिकार लागतो असा माझा समज होता. लागत नाही. ‘मी हे चालवून पाहिलं, अमुक दिसलं’ हे कोणीही लिहू शकतं आणि ते लोकांना हवंच असतं. लिहिणारे खूप, वाचणारे थोडे, अशी सगळ्याच प्रकल्पांची गत आहे.

२४ फेब्रुवारी, शनिवार

काल २.४४ बाहेर पडली. आज एक नम्र आठवण पाठवली: मालिकेवरच्या सूचनांना उत्तरं दिली आहेत, आणखी काही हवं असल्यास सांगावं.

५ मार्च, मंगळवार

मेंटेनरच्या नियमित अहवालात, ‘काय शिजतंय’ अशा अर्थाच्या नावाचा तो मेल असतो, माझा विषय आला. ब्रँचच्या नावात माझी आद्याक्षरं, तिरपी रेघ आणि विषय. सध्या ‘सीन’ या ब्रँचमध्ये.

सीनमध्ये जाणं म्हणजे पसंती नव्हे. मेंटेनरच्या नजरेला पडलं, इतकंच. तिथून ‘नेक्स्ट’, तिथे साधारण आठवडाभर मुरलं आणि कोणी ओरडलं नाही तर ‘मास्टर’ ही मुख्य ब्रँच. सीन दर वेळी नव्याने बांधतात, त्यामुळे त्यावर आपलं काम उभं करू नये. अहवालात प्रत्येक विषयाखाली शेरा असतो: नेक्स्टमध्ये घेणार, नवी आवृत्ती अपेक्षित, रिव्ह्यू हवा. हमानो हे सगळं इतकी वर्षं चालवतायत. आमच्या ऑफिसातल्या स्प्रिंटच्या बैठकांमधून जे समजत नाही ते या एका मेलमधून समजतं.

२१ मार्च, गुरुवार

मास्टरमध्ये. कमिटवर माझ्या सहीखाली मेंटेनरची सही. हातोहात आलेल्या मालावर प्रत्येकाने आपली खूण करायची, ही सहीची साखळी.

९ एप्रिल, मंगळवार

पाडवा. ऑफिसातली धाकटी सहकारी पुरणपोळीच्या निमित्ताने घरी आली आणि विषय निघालाच. ‘दादा, मला पायथनमध्ये करायचंय, हेच सगळं तिथेही का?’

तिला सांगितलं, मेलचा भाग विसर. पायथनचं काम गिटहबवरच चालतं. आधी करारनाम्यावर सही, मग इश्यू, मग पुल रिक्वेस्ट. लिबरऑफिसमध्ये गेरिट हे रिव्ह्यूचं साधन असतं, लिनक्स कर्नलमध्ये पुन्हा मेल, आणि पॅच कोणाला पाठवायचा हे सांगणारी स्क्रिप्ट कर्नलच्या कोडमध्येच मिळते. दारं वेगवेगळी. पण कुठेही गेलीस तरी बदल दहा ओळींचा असला तर त्यामागे एक पानभर उत्तर तयार ठेव: आत्ता काय बिघडलंय, ते कसं दाखवशील, दुसरा उपाय का नाही.

तिने विचारलं, ‘आणि कोणी उत्तरच दिलं नाही तर?’ आठवडा-दोन आठवडे थांबून एकदा विचारायचं, म्हटलं. तेवढ्यात दुसऱ्या कोणाचा तरी पॅच चालवून बघायचा. तिने तिथेच लॅपटॉप उघडला. पायथन बिल्ड होईपर्यंत पुरणपोळ्या गार झाल्या.

३० एप्रिल, मंगळवार

काल २.४५ आली. जाहीरनाम्यात नव्याने हातभार लावणाऱ्यांची वेगळी यादी असते, त्यात नाव आहे. आईला दाखवलं. ‘पैसे किती मिळाले?’ हा प्रश्न आला, तो रास्तच आहे.

पुढचं काम: त्याच घराण्यातल्या दुसऱ्या एका फाइलमध्ये गिटपुढे उद्गारचिन्ह आहे, टेस्ट-मस्ट-फेल नाही. या वेळी प्रयोग थोडा अवघड, कारण गिटला अगदी नकार देण्याच्या जागी कोसळवून दाखवायला हवं. त्या फंक्शनमध्ये ‘डाय’च्या (नकार देऊन थांबण्याच्या) आधी मुद्दाम नल पॉइंटर (कुठेच न नेणारा मेमरीचा पत्ता) वाचायला लावला तर जुनी टेस्ट हिरवीच राहते का, हे शनिवारी पाहायचंय. तोवर मेलच्या साठ्यात त्या फाइलचं नाव टाकून शोध घेतला. मार्चमध्ये एकाने सुरुवात करून सोडून दिलेली दिसते. आधी त्यांना विचारतो, पुढे न्यायचं आहे का, म्हणून.